शेजाऱ्याचा कुत्रा : भांडण नको, भीडही नको

भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही म्हण आपल्याला ठाऊक असते. कुत्र्याला ती ठाऊक असतेच असे नाही. रात्रभर भुंकणारा आणि दिवसा मोकाट सुटलेला शेजाऱ्याचा कुत्रा ही पुष्कळ घरांची डोकेदुखी आहे. झोपमोड झाली की दुसरा दिवस चिडचिडीत जातो. रक्तदाबाच्या रुग्णांना व घरातील वृद्धांना त्याचा त्रास अधिक होतो. तेव्हा हा विषय नुसता शेजारधर्माचा नाही, आरोग्याचाही आहे.

यात माणसे दोन टोके गाठतात. काही जण मध्यरात्री गॅलरीतून ओरडतात, कुत्र्याला दगड मारतात. त्याने कुत्रा अधिक चवताळतो आणि शेजारी कायमचा तुटतो. पण माझ्या मते दुसरे टोक जास्त घातक आहे, ते म्हणजे भीड. मुलाला ओरखडा निघाला तरी ‘ओळखीचाच कुत्रा आहे, कशाला बोभाटा?’ म्हणून जखमेत हळद, चुना किंवा तिखट भरून गप्प बसणे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र हा रोग टाळता येतो.

म्हणून चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात 14 इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच संपला. आता लस दंडावर देतात व सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. जखमेतून रक्त आले असल्यास लशीबरोबर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवावे, पण तोवर उपचारासाठी थांबू नये.

ही वेळ येऊ नये यासाठी शेजाऱ्याशी आधीच बोलावे. दिवसा, एकट्याला गाठून, आवाज न चढवता. ‘भाऊसाहेब, मोत्याला यंदाची रेबीजची लस दिली ना?’ इथून सुरुवात करावी. बाहेर काढताना पट्टा आणि रात्री घरात निजवणे, एवढेच पुढे मागावे. दिवसभर बांधलेला, एकटा पडलेला, न फिरवलेला कुत्रा जास्त भुंकतो. सकाळ-संध्याकाळ फिरवले आणि रस्ता दिसणारे फाटक झाकले तर बराच फरक पडतो. यात कुत्र्याचेही हित आहे. मुलांनाही शिकवावे, की कुत्रा अंगावर आला तर पळू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हात अंगाशी धरून स्तब्ध उभे राहावे.

सांगूनही ऐकले नाही तर नगरपालिकेकडे किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार करावी. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका निर्माण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्थात, ही शेवटची पायरी. बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच काम भागते. मात्र ती चढायला कुणाला चावा बसण्याची वाट पाहू नये.