नोकरदाराला खर्चच नसतो म्हणे!

गेल्या शनिवारी आईने माझं टेबल आवरायला काढलं. (मी स्वतः ते का आवरत नाही, हा विषय वेगळा.) खणात एक प्लास्टिकचं फोल्डर सापडलं. आत वर्षभराची बिलं. इन्व्हर्टर, खुर्ची, इंटरनेट, एका कोर्सची फी.

"ही टॅक्सला लागतात ना रे? का रद्दीत टाकू?"

"टाक रद्दीत," मी म्हणालो. "कशालाच लागत नाहीत."

आईचा विश्वास बसला नाही. बाबांची चाळीस वर्षं नोकरी झाली, तेव्हा बिलांचा बिस्किटाचा डबा कपाटात वरच्या कप्प्यात असायचा आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मग मी तिला समजावून सांगायला बसलो आणि सांगता सांगता माझंच डोकं फिरलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी प्रश्न नीट मांडतो. एक लॅपटॉप घ्या. किंमत एक लाख रुपये. तो तीन जण विकत घेऊ शकतात.

कंपनीने घेतला, तर तो धंद्याचा खर्च. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, तेवढा नफा कमी दिसतो, तेवढा कर कमी.

माझ्याच शेजारी बसणाऱ्या, पण कागदावर 'कन्सल्टंट' असलेल्या माणसाने घेतला, तरी तो खर्चच. हिशोबाची वही ठेवली तर त्यालाही तोच घसारा.

आणि मी, म्हणजे पगारी इंजिनिअरने, त्याच कामासाठी स्वतःच्या पैशाने घेतला, तर? तर काही नाही. कायद्याच्या लेखी ती माझी हौस. एखाद्याने गोव्याची ट्रिप केली काय आणि मी ऑफिसच्या कामासाठी लॅपटॉप घेतला काय, दोन्ही सारखंच.

यावर कोणी म्हणेल, अरे पण तुला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं ना! मिळतं. नवीन करप्रणालीत ७५ हजार, जुनीत ५० हजार. बिल दाखवायला लागत नाही, ही सोय आहे हेही मान्य. पण ते कुठून आलं ते बघा, म्हणजे गंमत कळेल.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात सुरुवातीला पगारदाराला प्रत्यक्ष खर्चाची वजावट मिळायची. कामाला लागणारी पुस्तकं, कामासाठी वापरलेलं स्वतःचं वाहन, आणि नोकरीच्या अटींमुळे पूर्णपणे कामासाठीच खिशातून करावा लागलेला खर्च. १९७४ च्या वित्त कायद्याने हे सगळं काढलं आणि त्याच्या बदल्यात एक ठोक रक्कम दिली. तेच हे स्टँडर्ड डिडक्शन. म्हणजे ही सरकारने दिलेली भेट नव्हे. आपल्या खऱ्या खर्चाच्या हक्काच्या बदल्यात मिळालेली तडजोड आहे.

पुढे पी. चिदंबरम यांच्या २००५ च्या अर्थसंकल्पात ही तडजोडही गेली. खरा खर्च आधीच गेलेला, आता ठोक रक्कमही गेली! २००५-०६ पासून २०१७-१८ पर्यंत, तब्बल तेरा आर्थिक वर्षं, पगारदाराला कामासाठी सरसकट अशी कुठलीच वजावट नव्हती. २०१८ मध्ये अरुण जेटलींनी ४० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन परत आणलं. पेपरात मोठे मथळे आले. पण त्याच वेळी प्रवास भत्त्याची १९,२०० ची आणि वैद्यकीय बिलांची १५,००० ची सूट काढून घेतली. बेरीज केली तर ३४,२००. हातात जास्तीचे आले ५,८००. वर सेस ३ टक्क्यांवरून ४ टक्के. बाबा तेव्हा नोकरीत होते. त्यांनी पेपराच्या कडेला पेन्सिलने ही वजाबाकी केली आणि पेपर घडी घालून ठेवून दिला. २०१९ मध्ये ५० हजार झाले, २०२४ मध्ये नवीन प्रणालीत ७५ हजार.

आता माझा हिशोब. पगार सांगत नाही, सोपं जावं म्हणून वर्षाला २४ लाख धरू. गेल्या वर्षी प्रोजेक्टला क्लाउडचं काम आलं. टीम लीड म्हणाला, हा कोर्स केल्याशिवाय तुला त्यात घेता येणार नाही. एचआर म्हणालं, लर्निंग बजेट सध्या बंद आहे. दोघांचंही म्हणणं एकाच मीटिंगमध्ये, अगदी हसतमुखाने. फी १,४०,००० रुपये. मी भरली. आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि आमच्याकडे गुरुवारी लाईट जाणार हे ठरलेलं, म्हणून इन्व्हर्टर घेतला, २४ हजारांचा. तो घरालाही लागतो, म्हणून प्रामाणिकपणे निम्मेच धरतो, १२ हजार. पाठ धरली म्हणून खुर्ची, ११,५००. इंटरनेटचं वर्षाचं बिल १४,१४८, त्यातलेही निम्मे, ७,०७४. एकूण १,७०,५७४.

यातले ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शनमध्ये गेले असं समजू. उरले ९५,५७४. माझ्या २५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून यावरचा कर झाला २४,८४९ रुपये. म्हणजे जे पैसे माझ्याकडे राहिलेच नाहीत, जे कंपनीचं काम करण्यासाठी गेले, त्यांच्यावर मी जवळजवळ पंचवीस हजार कर भरला. आणखी एक गंमत. जुन्या प्रणालीत ८०सी खाली मुलांच्या शाळा-कॉलेजची ट्यूशन फी बसते. स्वतःच्या शिक्षणाची फी? ती बसत नाही. कर्ज काढून शिकलो असतो तर व्याजाची वजावट मिळाली असती. साठवलेल्या पैशातून शिकलो, हा माझा गुन्हा.

इथपर्यंत कोणी म्हणेल, पंचवीस हजारांसाठी एवढं रडगाणं कशाला? खरा मुद्दा पुढेच आहे.

आमच्याच टीममध्ये माझा एक मित्र होता. दोन वर्षांपूर्वी त्याने राजीनामा दिला आणि दुसऱ्या कंपनीत कन्सल्टंट म्हणून लागला. काम तेच, रोज सकाळी दहाचा कॉल तोच. फक्त पगाराऐवजी इनव्हॉइस. २०१६ च्या अर्थसंकल्पाने कलम ४४एडीए आणलं. त्यानुसार वकील, डॉक्टर, इंजिनिअर, टेक्निकल कन्सल्टंट वगैरे व्यावसायिकांनी एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. बाकीची खर्च समजली जाते. बिल नको, वही नको. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची.

२०२५-२६ साठी गणित करा. मी २४ लाखांवर ७५ हजार वजा करून २३.२५ लाखांवर कर भरणार. सेस धरून २,९२,५०० रुपये. मित्राने २४ लाखांतले निम्मे दाखवले तर उत्पन्न १२ लाख. आणि १२ लाखांपर्यंत रिबेट आहे. त्याचा कर शून्य!

पुन्हा वाचा. तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, तोच कोड. माझा खर्च ७५ हजार मानला जातो आणि त्याचा १२ लाख. (२० लाखांच्या वर गेल्याने त्याला जीएसटी नोंदणी करावी लागली, पण तो १८ टक्के कंपनी भरते आणि क्रेडिट घेते.)

आता हे वाचून कोणी सोमवारी राजीनामा टाकू नका. एक तर नावाला कन्सल्टंट आणि प्रत्यक्षात वेळेला बांधलेला नोकर असाल, तर खातं त्याला पगार म्हणू शकतं. आणि दुसरं म्हणजे मित्राचं पुढे काय झालं ते ऐका. मागच्या मार्चमध्ये पंधरा दिवसांच्या नोटिशीवर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, शिल्लक रजा नाही. त्याच महिन्यात घरात डेंग्यूचं आजारपण निघालं आणि ग्रुप इन्शुरन्सही नव्हता. वाचवलेल्या करातला बराचसा हॉस्पिटलच्या काउंटरवर गेला.

मलाही तसाच प्रस्ताव आला होता. मी नाही म्हणालो. कारण साधं होतं. २०२४ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली, ती माझ्या कंपनीच्या पॉलिसीत झाली. साठीच्या पुढच्या, हृदयविकार असलेल्या माणसाला नवीन पॉलिसी काढायला जा, मग कळतं. म्हणजे बाबांच्या विम्यासाठी मी कर्मचारी राहिलो आणि कर्मचारी राहिलो म्हणून माझा खर्च हा खर्च नाही.

माझी तक्रार नेमकी ही आहे. हा कायदा नुसता काही हजार जास्त घेत नाही. तो माणसाला सांगतो की बाबा रे, नोकरीतली सुरक्षितता सोड, मग तुझ्या खर्चाला खर्च म्हणू. जो पीएफ आणि विमा धरून ठेवतो, त्याला भुर्दंड. कामगारांची सुरक्षितता वाढवायची असं एकीकडे म्हणायचं आणि दुसरीकडे ती सोडणाऱ्याला बक्षीस द्यायचं, याला काय म्हणायचं?

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: लोक खोटी बिलं लावतील. हो, लावली आहेत. फेब्रुवारीत औषधाच्या दुकानात 'पंधरा हजारांची करून द्या' म्हणणारे काका मी लहानपणी पाहिलेत. पेट्रोल पंपावर पडलेल्या पावत्या गोळा करणारेही. पण तेव्हा बिल म्हणजे कागदाचा कपटा होता. आज कोर्सची फी बँकेतून जाते, इनव्हॉइसवर जीएसटी नंबर असतो, आणि माझं एफडीचं व्याज मला आठवायच्या आत एआयएसमध्ये दिसतं. तपासायचं असेल तर सगळं तपासता येतं. आणि खोट्या बिलांची एवढी भीती असेल तर ज्याच्याकडे एकही बिल मागत नाही त्याला बारा लाखांची सूट कशी?

दुसरा: कोट्यवधी पगारदारांचे खर्च कोण तपासणार? सगळ्यांचे तपासायची गरजच नाही. जर्मनीत बघा. तिथे २०२३ पासून प्रत्येक नोकरदाराला १,२३० युरो आपोआप वजा मिळतात. ज्याचा कामाचा खर्च त्याहून जास्त, त्याने प्रत्यक्ष खर्च दाखवायचा. घरून काम केलं तर दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६०, तेही त्याच हिशोबात. म्हणजे बहुतेक लोक ठोक रकमेवर खूश आणि ज्याला खरंच जास्त लागलं त्याला दार उघडं. सगळं जग असंच आहे असं मात्र नाही. अमेरिकेने २०१८ पासून पगारदाराची ही वजावट बंद केली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची गेली. पण आपण कोणाचं घ्यायचं हे आपण ठरवायचं ना?

तिसरा: १२.७५ लाखांपर्यंत पगार करमुक्त केला, अजून काय हवं? ते चांगलंच झालं. पण कराचा दर किती, हा एक प्रश्न आणि उत्पन्न कशाला म्हणायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा मिटत नाही. शिवाय तीच सवलत कन्सल्टंटला दुप्पट लागू पडते, ते वर पाहिलंच.

यात सगळ्यात वाईट काय, तर सध्या आपली सूट आपल्या खर्चावर नाही, पगाराच्या स्लिपवरच्या शब्दावर अवलंबून आहे. ड्यूटीवरच्या फिरतीसाठी कंपनीने वेगळा भत्ता दिला आणि तो खर्च झाला, तर नवीन प्रणालीतही तो करमुक्त. तेच पैसे 'स्पेशल अलाउन्स' या नावाखाली दिले, तर पूर्ण करपात्र. पेट्रोल तेच, गाडी तीच. नाव कोणी ठेवलं? एचआरने.

१९६१ चा कायदा बदलून प्राप्तिकर कायदा २०२५ आला. अंमल १ एप्रिल २०२६ पासून. भाषा सोपी झाली, कलमं कमी झाली, 'टॅक्स इयर' आलं. पण पगारदाराच्या खर्चाचं खातं होतं तसंच ठेवलं आणि ४४एडीएची सोयही पुढे चालू. साठ वर्षांनी घर नव्याने बांधलं आणि गळकी खोली तेवढी तशीच ठेवली.

मागणी एवढीच. ७५ हजार राहू द्या, पण ज्याला हवं त्याला त्याऐवजी प्रत्यक्ष खर्च दाखवू द्या. नोकरीच्या कामाशी थेट संबंधित शिक्षण त्यात धरा. वाटल्यास कंपनीचं एक पानी पत्र मागा, की हा खर्च कामासाठी होता आणि आम्ही दिलेला नाही. खोटं निघालं तर दंड करा, हरकत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. कंपनीच्या कामाचा खर्च कंपनीने बिलावर परत दिला, तर तो पगार नाही आणि त्यावर कर नाही. त्यामुळे ऑफर लेटरवर सही करताना सीटीसीचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. इंटरनेट, उपकरणं, प्रशिक्षण कोण देणार, हे लेखी विचारा. आणि टीम लीड 'हा कोर्स करावाच लागेल' म्हणाला, की त्याला ते ईमेलवर पाठवायला सांगा. मी सांगितलं नाही, म्हणून पंचवीस हजारांना शिकलो.

असो. फोल्डर मी रद्दीतून परत काढून आणलं आहे. आई विचारत होती, आता कशाला? म्हटलं, सोमवारी एचआरला मेल करतोय, सोबत जोडायला.