तीन नंबरवाले काका

गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटची मीटिंग झाली. विषय नेहमीचाच, पार्किंग. कुणाची गाडी पट्ट्याबाहेर येते यावर तासभर! शेवटी मीच (घरून काम करतो, म्हणजे सगळ्यांच्या मते रिकामटेकडा) म्हटलं, गाड्यांचं राहू दे, आपल्या वायफायचं काय?

शेजारचे काका म्हणाले, "आमचं केलंय की सेटिंग! मोबाईलवर बघितलं, समदे एक, सहा नाहीतर अकरावर. मी तीन टाकला. एकदम मोकळा हाय!"

काकांना काय बोलणार? कॉलेजात असताना मीही हेच करायचो. पण घोळ इथेच आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल, एकेकात अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ. राउटरचा सिग्नल मात्र साधारण २० मेगाहर्ट्झ जागा खातो. म्हणजे एकमेकांना न घासणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. काकांनी गाडी दोन पट्ट्यांवर आडवी लावली आहे.

त्यापेक्षा शेजाऱ्याच्याच चॅनेलवर गेलेलं बरं. विचित्र वाटेल, पण एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात, एक बोलत असला की दुसरा थांबतो. वेग वाटला जातो, पण काम चालतं. तीनवाल्याचं बोलणं एकवाल्याला आणि सहावाल्याला कळतच नाही, नुसता गोंगाट. पॅकेट खराब, परत पाठव, परत खराब. वरच्या मजल्यावरच्या ताईचा नोकरीचा ऑनलाईन इंटरव्ह्यू तीनदा अडकला, तो काही उगीच नाही.

मोबाईल कंपन्या लिलावात स्पेक्ट्रम घेतात आणि कुठला टॉवर काय वापरणार ते ठरवतात. वायफायचा हा पट्टा २००५ पासून बिनपरवाना आहे, म्हणून तिथे वाटणी करणारा कुणीच नाही. राउटरमधलं 'ऑटो' फक्त स्वतःपुरतं बघतं. मग सोसायटीनेच का ठरवू नये? पार्किंगसारखा तक्ता करायचा, फ्लॅट नंबरपुढे चॅनेल. वर, खाली, शेजारी शक्यतो वेगळा. तीनच असल्याने कुठेतरी रिपीट होणारच, ते लांबच्या मजल्यावर होऊ दे. नव्या राउटरवाल्यांनी लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. तिथे जागा भरपूर, आणि तो सिग्नल भिंतीत लवकर मरतो हा फायदाच समजा. स्वस्तातले वायफाय कॅमेरे आणि बल्ब बहुतेक २.४ वरच राहणार, त्यामुळे तक्ता लागेलच.

सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ. जिन्यात काकांनी गाठलं.

"मग आता मी कुठं जाऊ म्हणतोस?"

"अकरावर या काका. तिथे तळमजल्यावरचे दोघेच आहेत."