दुःखाच्या नावावर टिकेट क्लोज करू नका

आपल्याकडे घरात माणूस गेलं की दाराबाहेर चपलांचा ढीग जमतो आणि आत सल्ल्यांचा. "मनाला लावून घेऊ नका." "रडून मोकळ्या व्हा." "छातीत दुखतंय? अहो, होणारच, एवढा मोठा धक्का.. पडा जरा." यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं.

मंडळी, लॉग न बघता कुणी 'युजर एरर' लिहून टिकेट क्लोज केलं तर आपण त्याची सालटी काढतो. मग आईच्या छातीतल्या कळेवर 'कारण: दुःख' असं लिहून गप्प कसे बसतो?

दुःख शरीरात उतरतं यात शंकाच नाही. घशात आवंढा अडकतो, घास उतरत नाही, रात्रभर टक्क जाग, अंगात त्राण नाही, समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरत नाही. हे नाटक नव्हे. बहुतेकांचं हे लाटांसारखं येतं-जातं आणि हळूहळू ओसरतं. त्याला औषधापेक्षा माणसं लागतात. इथवर आत्या-मावश्यांशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. 'दुःखामुळे होतंय' म्हणजे 'धोका नाही' हे ठरवलं कुणी? २०१२ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात एक अमेरिकन अभ्यास आला, हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्या सुमारे २,००० लोकांचा. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत ॲटॅकचा धोका नेहमीच्या २१ पट! तरुण, धडधाकट माणसाचा मूळ धोकाच कमी, पण साठीतल्या बीपीवाल्या बाबांचं काय?

शिवाय 'टाकोत्सुबो' आहेच. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेला विकार. धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण सुरुवातीला जिवावर बेतू शकतं. लक्षणं ॲटॅकसारखीच. ईसीजी बदलतो, रक्तात ट्रोपोनिन वाढतं. डॉक्टरांनाही बऱ्याचदा अँजिओग्राफीनंतरच फरक कळतो, आणि शेजारच्या काकू चहाचा कप हातात धरून निदान करणार?

त्यात आपले तेरा दिवस. बीपीची गोळी राहून जाते. डायबेटिसवाल्याने जेवण टाळून गोळी तेवढी घेतली तर काही औषधांनी साखर एकदम खाली येते. कुणाचं लक्ष असतं?

तेव्हा सरळ हिशोब. छातीत दुखणं किंवा दडपण, कळ हाताकडे-जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, धाप, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं : १०८ ला फोन, लगेच. दहावा आहे की बारावा ते बघू नका. जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ नंबरही आहे. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे जागेवर येत नसेल, वजन उतरत असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढत असतील तर फॅमिली डॉक्टरकडे घेऊन जा.

"दुःखाचासुद्धा आजार करून ठेवलात तुम्ही लोकांनी" असं मला कुणीतरी ऐकवणारच. उलट आहे हो! ईसीजी आणि रक्ताची तपासणी नॉर्मल आली, डॉक्टर निश्चिंत झाले, की ती माऊली निदान निवांत रडू तरी शकेल.

असो. पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा सल्ले चपलांबरोबर बाहेर ठेवा. आत गेल्यावर फक्त विचारा, "काकू, आजच्या गोळ्या घेतल्या का? आणि काही खाल्लंत का?"