अकरा काडतुसं झाडलेली बंदूक

गेल्या महिन्यात माझ्या पहिल्या बटालियनमधल्या एका निवृत्त हवालदाराचा फोन आला. "राम राम साहेब. बंदूक विकायची आहे, कोणी घेणारं असेल तर सांगा." सातारा जिल्ह्यातला माणूस. पेन्शनवर आल्यावर नऊ वर्षं बँकेच्या दारात गनमन म्हणून उभा राहिला, 2023 मध्ये गुडघ्यांनी दगा दिला. बंदूक बाराबोरची पंप-ॲक्शन, स्वस्तातली, पण निवृत्तीच्या पैशातून कोरी घेतलेली. नऊ वर्षांत किती काडतुसं झाडली, विचारलं. "अकरा, साहेब. घेतली तेव्हा पाच, नंतर सहा." दुकानदार खरेदीच्या चौथ्या हिश्शाला मागत होता. "नवीच आहे की हो ती. मग एवढी कमी कशी?"

बंदूक किती टिकली यावर तिची किंमत ठरते, असं तो धरून चालला होता. आपल्या देशात तसं होत नाही, आणि निवृत्त होणाऱ्या जवानांना हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

आधी टिकाऊपणाचं. पंप-ॲक्शन हे मुळात दणकट यंत्र. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. काम हात करतो, त्यामुळे काडतूस थोडं कमजोर असलं तरी यंत्र अडत नाही. रेमिंग्टन 870 ही 1950 पासूनची बंदूक, 1 कोटीहून जास्त खपली. मॉसबर्ग 500 ने अमेरिकी सैन्याच्या चाचणीत 3000 जड काडतुसं पचवली. स्वस्त बंदुकीत फिनिश कमी असतं, मूठ खडखडते, एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिनची स्प्रिंग लवकर थकते. पण लवकर म्हणजे शेकडो काडतुसांनंतर. बँकेचा गनमन सगळ्या नोकरीत तेवढी झाडत नाही.

मग बिघडते कशाने? गंजाने. बँकेच्या पत्रावर निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्यातून सूट मिळू शकते. नोकरी सुटली की ते पत्रही गेलं. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा याची बंदूक पोलीस ठाण्यात गेली, त्यातली एक खेप भर पावसाळ्याच्या तोंडावर. परत आल्यावर त्याने बाहेरून पुसली आणि कपाटात ठेवली. कोतमध्ये वीस वर्षं पुल-थ्रू ओढलेला माणूस, पण घरी आल्यावर चेंबरमध्ये डोकावला नाही! (मी रागावलो, तो हसला.) चेंबरमध्ये डाग पडले की झाडलेलं काडतूस फुगून तिथे चिकटतं आणि मूठ मागे येत नाही. दुकानदाराने तेच पाहिलं. तेवढी कपात रास्त होती.

उरलेली कपात मात्र परवान्याची आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तिसरं वर्षभरात जमा करायचं किंवा विकायचं. साहजिकच विकणारे वाढले. घेणाऱ्याकडे जागा दोन, आणि त्यातली एक लांब नळीच्या स्वस्त बंदुकीवर कोण घालवणार? ज्याला परवाना मिळतो त्याला रिव्हॉल्व्हर हवं असतं. 1980 च्या दशकात आयात बंद झाली, तेव्हापासून जुनं परदेशी पिस्तूल खिळखिळं असलं तरी लाखांत जातं. आणि अकरा काडतुसांची बाराबोर चौथ्या हिश्शात.

म्हणून निवृत्तीला आलेल्यांना माझं सांगणं: गनमनच्या नोकरीसाठी कोरी बंदूक घेऊ नका. जुनी घ्या. जमल्यास दुनळी घ्या, तिच्यात बिघडायला कमी आहे. पंपच हवी असेल तर रिकामी करून नळीतून उजेडाकडे बघा, चेंबरमध्ये बोट फिरवा, डमी काडतुसं भरून मूठ दहा वेळा जोरात ओढा. प्रत्येक वेळी काडतूस स्वच्छ बाहेर पडलं पाहिजे. नळीवरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यातला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. माझा एक कोर्समेट म्हणतो की कोऱ्या बंदुकीचे कागद तरी निर्मळ असतात. कागदाचं त्याचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यासाठी तिप्पट-चौपट पैसे मोजणं नाही. तेवढ्यात मुलीची एका वर्षाची फी निघते.

आणि कोरी घेतलीच, तर ते पैसे गेले असं समजूनच घ्या, गणवेशाच्या बुटांसारखे.

हवालदाराला मी दोन कामं सांगितली. पहिलं, चांगल्या आर्मररकडून चेंबर साफ करून घ्यायचं. स्वतः सँडपेपर घ्यायचा नाही, हे दोनदा बजावलं. दुसरं, दुकानदाराला न देता थेट माणसाला विकायची. कायद्याने तसं करता येतं, फक्त जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं.

घेणारा सापडला आहे. आमच्याच बटालियनचा नाईक, मार्चमध्ये घरी येतोय, शेजारच्याच तालुक्यातला. निम्म्या किमतीला ठरलंय. त्याचा परवाना मात्र अजून व्हायचा आहे, आणि तोवर पावसाळा आला तर चेंबरला तेल लावायला मी हवालदाराला पुन्हा फोन करणार आहे.