पर्वतीचा माथा आणि खडकीचे मैदान

चीनमधील ताइशान पर्वताच्या माथ्यावर सम्राट छिन् शि हुआंग इ.स.पूर्व २१९ मध्ये यज्ञासाठी चढला, आणि त्याच्यामागून शतकानुशतके जे राजे, कवी व यात्रेकरू तेथे गेले त्यांतील कित्येकांनी आपल्या आगमनाची नोंद कड्यांवर कोरविली. त्यांपैकी एका तांग सम्राटाचा ७२६ सालचा लेख शिखरानजीक आजही उभा आहे. १९८७ साली युनेस्कोने ताइशानला जागतिक वारसा ठरविले.

आपली पर्वती त्याच्यापुढे टेकडीच. परंतु तिच्या १०३ पायऱ्यांवर इतिहासाची दाटी कमी नाही. मातोश्री काशीबाईंच्या पायाचे दुखणे देवीच्या नवसाने बरे झाले, या आख्यायिकेने प्रसिद्ध झालेले देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारले, आणि पानिपताच्या आघाताने खचून त्यांनी २३ जून १७६१ रोजी देह ठेवला तोही याच टेकडीवर. पायथ्याच्या रमण्यात श्रावणमासी जी दक्षिणा वाटली जाई, तिच्याच निधीतील काही हिस्सा पुढे एल्फिन्स्टनसाहेबाने १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. दौलत बुडाली, पण तिच्या धर्मखात्यातील रकमेवर विद्यार्थी शिकले, हा हिशेब आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

आम्हां खडकीकरांस मात्र पर्वती आठवते ती ५ नोव्हेंबर १८१७ साठी. त्या दिवशी गणेशखिंड व खडकी यांच्या दरम्यानच्या मैदानात बापू गोखले इंग्रजांशी झुंजत असता दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. सेनापतीने मैदानात असावे आणि धन्याने देवळाच्या आवारात, ही वाटणी आम्हांस कधीच पटलेली नाही. बाराच दिवसांत पुणे इंग्रजांच्या हाती गेले.

या साऱ्या कथा पुण्यात आवडीने सांगितल्या जातात. पण १९२९ च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून याच पायऱ्यांपाशी आले, दार बंद राहिले आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली, हे सांगताना आपली जीभ का अडखळते? ज्या माथ्यावर पेशव्यांचा शोक पूज्य ठरतो, त्याच्या वारशातून हा सत्याग्रह वगळण्याचा अधिकार कोणासही नाही. वाचकांपैकी जे मुलाबाळांसह पर्वती चढतात, त्यांनी नानासाहेबांबरोबर कांबळे-राजभोजांचीही हकीकत मुलांना तेथेच सांगावी.

— खडकीकर