शेवटच्या धावपटूपर्यंत पुरणारी शर्यत

मध्यम शहरातील मॅरेथॉन म्हणजे बहुतेक ठिकाणी २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आणि तिच्या जोडीला दहा व पाच किलोमीटरच्या धावा, ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण शर्यत क्वचितच. बक्षिसासाठी धावणारे थोडे असतात आणि ते सव्वा तासाच्या आगेमागे अर्धमॅरेथॉन संपवून मोकळे होतात. बाकीच्यांत डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, निवृत्त जवान, पन्नाशीनंतर पळायला लागलेल्या गृहिणी असे सगळे असतात. त्यांना दोन ते साडेतीन तास लागतात. आयोजकांचे लक्ष, छायाचित्रकार, पाहुणे आणि पोलिसांची मोटारसायकल मात्र पहिल्या तासाभरातच खर्ची पडतात. पाणी संपते, रस्ता खुला होतो, स्वयंसेवक टेबल आवरू लागतात, ते त्यानंतर. म्हणून शर्यत कशी झाली हे ठरवायचे असेल तर मागच्या एक-तृतीयांश धावपटूंना विचारावे. विजेत्याचे मत अशा बाबतीत फारसे उपयोगाचे नसते, कारण त्याच्या वाट्याला रिकामे टेबल कधी आलेलेच नसते.

मध्यम शहराची जमेची बाजू मोठी आहे. बाहेरगावचा धावपटू शनिवारी दुपारी एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने पोचतो, तासाभरात बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घेतो आणि लॉजवरून पहाटे चालत प्रारंभस्थळी जाऊ शकतो. महानगरातील शर्यतीत हाच माणूस रात्री तीनला उठून टॅक्सी शोधत असतो. शहर लहान असल्याने शर्यतीचा दिवस सगळ्यांना माहीत असतो आणि रस्त्याच्या कडेला उभे राहणारे लोक शेजारी, विद्यार्थी, पेशंट असे ओळखीचे निघतात. उणी बाजूही याच लहानपणातून येते. मुख्य रस्ता एकच असतो, तोच इस्पितळाकडे आणि बसस्थानकाकडे जातो. पोलीस बंदोबस्त मर्यादित असतो, आणि शर्यतीच्या व्यवस्थापनाचा अनुभव असलेली माणसे दहा-पंधराच असतात. तीच माणसे बिब वाटतात, पाहुण्यांना आणायला जातात आणि पहाटे खांबांना फलकही बांधतात.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन हे या वर्गातील ठळक उदाहरण. सातारा रनर्स फाउंडेशनने २०१२ साली सुरू केलेली ही शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. २०१५ मध्ये २,६१८ धावपटूंच्या सहभागाची नोंद गिनीज बुकात झाली. एका डोंगरावरील धावेत एवढे लोक त्याआधी धावले नव्हते. धुके, भुरभुर पाऊस आणि हिरवा डोंगर यांमुळे ही शर्यत धावपटूंच्या आवडीची झाली. अशा मार्गावर धावपटूच्या शरीराला काय सोसावे लागते आणि आयोजकाला काय सांभाळावे लागते, हे तिच्या आखणीवरून चांगले समजते.

चढाची भीती सगळ्यांना असते; नवख्यांना दगा देतो तो उतार. चढताना दम लागतो, वेग आपोआप कमी होतो आणि माणूस स्वतःला आवरतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा भार अडवावा लागतो. या कामात स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होतात. दम मात्र लागत नसल्याने ते धावताना कळत नाही. कळते ते सतराव्या-अठराव्या किलोमीटरला पाय थरथरू लागल्यावर, आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना. सपाट रस्त्यावर सराव करून घाटात उतरलेला धावपटू म्हणूनच शेवटच्या टप्प्यात चालताना दिसतो. प्रशिक्षकांनी अशा शर्यतीच्या तयारीत चढाच्या सरावाइतकाच उताराचा सराव, तोही हळूहळू वाढवत, घ्यायला हवा. नुसते ‘घाट चढून या’ एवढे पुरत नाही.

शर्यतीची सकाळ प्रारंभस्थळी सुरू होते आणि पहिली तक्रारही तिथेच ऐकू येते: शौचालये अपुरी. रांगेत उभे राहून सुरुवात चुकल्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो. स्त्रियांची अडचण अधिक. त्यांच्यासाठी वेगळी, पुरेशी आणि उजेडातली सोय नसेल, तर त्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात आणि त्याचा परिणाम पुढे मार्गावर दिसतो. दुसरी तक्रार भाषणांची. सहाला निघायची शर्यत पाहुण्यांसाठी साडेसहाला निघाली, तर पुढच्या धावपटूचे काही बिघडत नाही. तीन तास घेणाऱ्याचा शेवटचा अर्धा तास मात्र नऊनंतरच्या उन्हात जातो. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातही त्या वेळी ऊन चटका देते. पाहुण्यांचा सत्कार बक्षीस समारंभात करावा. झेंडा दाखवायला एक मिनिट पुरते.

प्रारंभरेषेवर वेगानुसार गट न पाडल्यास चालणारे पुढे आणि पळणारे मागे अशी रचना होते आणि पहिला किलोमीटर वाट काढण्यात जातो. अपेक्षित वेळेनुसार गट पाडून ते काही मिनिटांच्या अंतराने सोडणे हा उपाय आहे. मुख्य म्हणजे त्यामुळे पहिल्या पाणवठ्यावरची झुंबडही टळते.

पाण्याचा हिशेब इथे सविस्तर मांडायला हवा, कारण मागे राहिलेल्यांच्या अनुभवाची बरीवाईट प्रत त्यावर ठरते. तीन हजार धावपटू, दोन किलोमीटरला एक पाणवठा म्हणजे दहा ठिकाणे, दर माणशी दोन पेले: हा आकडा साठ हजार पेल्यांवर जातो. तो दहाने भागून सगळीकडे सारखा माल टाकला की चूक होते. पहिल्या पाणवठ्यावर निम्मे लोक थांबतच नाहीत. पंधराव्या किलोमीटरला प्रत्येक जण थांबतो, दोन पेले पितो आणि एक डोक्यावर ओततो. जाऊन-येऊन मार्गावर आणखी एक फसगत होते. वळणबिंदू सोडला तर प्रत्येक टेबल दोनदा वापरले जाते. वेगवान धावपटू परतताना पाणी घेऊन जातात तेव्हा मागचे धावपटू अजून जायच्याच वाटेवर असतात. मोजदाद एका दिशेची केली असेल तर साठा संपतो तो नेमका त्यांच्या परतीच्या वेळी. म्हणून प्रत्येक ठिकाणचा काही साठा ‘शेवटच्या तासासाठी’ म्हणून बाजूला, दुसऱ्याच माणसाच्या ताब्यात ठेवावा. टेबलावरच्या उत्साही मुलाला तो राखून ठेवणे जमत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. शिकागो मॅरेथॉनमध्ये २००७ साली पारा ३० अंशांच्या वर गेला, सुरुवातीच्या पाणवठ्यांवरच पाणी अपुरे पडल्याच्या तक्रारी आल्या आणि शर्यत अर्ध्यातच थांबवावी लागली. इतक्या अनुभवी आयोजनाची ही गत झाली, तर आपल्या शहराने अंदाजावर राहू नये.

‘जितके प्याल तितके चांगले’ हा सल्लाही आता मागे घ्यायला हवा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण प्रमाणाबाहेर कमी आढळले. हा अभ्यास २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे गरजेहून जास्त प्यालेले, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे यांत प्रामुख्याने होते. हळू धावणाऱ्याला घाम तुलनेने कमी येतो आणि पिण्याच्या संधी जास्त मिळतात. तहान लागेल तसे प्यावे, हा साधा नियम सूत्रसंचालकाने प्रारंभस्थळी दोनदा सांगितला तरी उपयोग होतो. मात्र ‘तहानेनुसार’ पिणाऱ्याला तहान लागेल तेव्हा पाणी मिळाले पाहिजे; रिकाम्या टेबलापुढे हा सल्ला कुचकामी ठरतो.

अंतराची अचूकता ही धावपटूंच्या दृष्टीने विश्वासाची बाब आहे. मनगटावरचे घड्याळ २१.४ दाखवते आणि आयोजकाला जाब विचारला जातो. बहुतेक वेळा चूक घड्याळाची आणि वळणे बाहेरून घेण्याची असते. अधिकृत मोजणी चाकाला मोजणीयंत्र बसवलेल्या सायकलने, शक्य तितक्या आखूड वाटेने, कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून होते. मोजणीआधी आणि नंतर सायकल ठरावीक लांबीच्या पट्ट्यावर पडताळून घेतात, कारण ऊन वाढले की टायर फुगतो आणि माप बदलते. मार्ग आखूड राहू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. मोजणी चुकली तर काय होते ते मँचेस्टरमध्ये दिसले. तिथल्या २०१३, २०१४ आणि २०१५ च्या मॅरेथॉनचा मार्ग ३८० मीटर कमी भरला आणि सुमारे २४ हजार धावपटूंच्या वेळा नोंदींतून बाद झाल्या. गाडीच्या मीटरवर किंवा फोनवर अंतर मोजून प्रमाणित मार्गाची जाहिरात करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अंतर बरोबर असूनही वाट चुकते. २०१७ च्या व्हेनिस मॅरेथॉनमध्ये आघाडीचे धावपटू पुढच्या मोटारसायकलच्या मागोमाग चुकीच्या रस्त्याला लागले आणि मागून आलेला इटलीचा एयोब फानिएल जिंकला. पुढच्यांना निदान मोटारसायकल तरी असते. शेवटच्यांपुढे, स्वयंसेवक उठून गेल्यावर, एखादा वाकलेला फलक उरतो. चौकातला स्वयंसेवक शर्यतीच्या शेवटी धावणारी गाडी पुढे गेल्याशिवाय हलणार नाही, एवढी एक सूचना लेखी असली पाहिजे.

अंतिम रेषेवर मेडल, केळे आणि छायाचित्र यांची व्यवस्था आता सर्वत्र चांगली होते. त्याबद्दल जास्त सांगायला नको. वैद्यकीय पथकाची जागा मात्र अजून चुकते. धावपटू रेषा ओलांडून थबकला की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचे थांबतात, रक्त पायात साचते, रक्तदाब उतरतो आणि तो कोसळतो. शुद्धीवर असलेल्या अशा धावपटूला आडवे करून पाय वर ठेवले की बहुधा काही मिनिटांत बरे वाटते. त्याला चालते ठेवणारी मोकळी जागा रेषेपुढे असली तर पुष्कळदा ही वेळच येत नाही. आपल्याकडे नेमकी तिथेच सेल्फीची कमान उभारतात.

रेषेच्या अलीकडे, धावता धावता कोसळलेला धावपटू हे वेगळे प्रकरण आहे. तिथे हृदयविकार किंवा उष्माघात गृहीत धरून हालचाल करावी. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. आधी थंड करायचे, मग इस्पितळात न्यायचे, हा इथला नियम. अमेरिकेतील फॅल्मथच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्यात बुडवून जागेवरच उपचार झाले आणि सगळे वाचले. त्यासाठी टब, बर्फ आणि गुदमार्गे तापमान मोजण्याची तयारी लागते. काखेतला थर्मामीटर फसवतो. हृदय बंद पडण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंत ५९ घटना नोंदल्या गेल्या. पण त्यांतले ४२ जण दगावले. जीव वाचतो तो पहिल्या काही मिनिटांत छाती दाबणारा माणूस आणि विद्युतधक्का देणारे यंत्र मिळाले तर. घाटाच्या अरुंद रस्त्यावर धावपटूंच्या गर्दीतून रुग्णवाहिका वर यायला वेळ लागतो, म्हणून मोटारसायकलवरचे पथक आणि छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक वळणबिंदूजवळ आधीच असावेत. दुसऱ्याच्या नावाचा बिब लावून धावणे याचमुळे धोक्याचे आहे, कारण बिबमागचा रक्तगट आणि घरचा क्रमांक भलत्याच माणसाचा निघतो.

निकालाचे वाद बहुतेक आधी न सांगितलेल्या नियमांतून उद्भवतात. बक्षीस बंदुकीच्या वेळेवर (शर्यत सुटल्यापासून) की बिबवरील चिपच्या (धावपटूने प्रारंभरेषा ओलांडल्यापासून), हे नोंदणीपत्रकात छापावे. पट्ट्याखाली किंवा जॅकेटखाली गेलेली चिप वाचली जात नाही, म्हणून रेषेवर चित्रीकरण आणि वळणबिंदूवर वेळेची चटई हवीच. वयोगटातील बक्षिसांसाठी वयाचा पुरावा मंचावर बोलावण्याआधी तपासावा. नंतर तपासल्यास अपमान होतो आणि भांडणही.

शहरवासीयांचा अनुभव हाही शर्यतीचाच भाग. दूधवाले, भाजीवाले, डायलिसिसला जाणारा रुग्ण आणि परीक्षेला निघालेला विद्यार्थी यांना बंद रस्त्यांचे वेळापत्रक आठ दिवस आधी कळले, तर तेच लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. ठरलेल्या वेळेआधी रस्ता खुला झाला, तर मागचे धावपटू मोटारींच्या धुरात आणि हॉर्नच्या आवाजात शेवटचे तीन किलोमीटर काढतात. नोंदणीशुल्क त्यांनीही पूर्ण भरलेले असते. कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवण्याची मुदत, साडेतीन तासांचा जाहीर केला असेल, तर साडेतीन तास रस्ता, पाणी आणि माणसे पुरवणे हे आयोजकाचे वचन आहे. ते पाळता येत नसेल तर कट-ऑफ कमी करावा, नाहीतर नोंदणी कमी घ्यावी.

येत्या हंगामात शर्यत भरवणाऱ्यांनी चार नोंदी ठेवाव्यात: कोणत्या पाणवठ्यावर किती वाजता पाणी संपले, किती जणांनी शर्यत अर्धवट सोडली, वैद्यकीय पथकाने किती जणांना कशासाठी तपासले, आणि शेवटचा धावपटू आला तेव्हा रेषेवर कोण हजर होते. या नोंदी महिनाभरात या मासिकाकडे पाठवाव्यात. त्या शहराच्या नावासह छापल्या जातील.