निकालाचा टक्का व हजेरीचा पट

मृगाचा पाऊस वेळेवर पडो वा न पडो, जूनच्या मध्यास परभणी जिल्ह्यातील शाळांची घंटा वाजावयाची ती वाजतेच. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पूर्णा येथील बाजारपेठांत त्या आठवड्यात वह्या, दप्तरे आणि गणवेशाचे कापड यांची झुंबड उडते. शाळांच्या फाटकांवर फलक लागतात व त्यांवर दहावीस पहिले आलेले, शिष्यवृत्ती मिळविणारे, कबड्डीत किंवा कुस्तीत विभागापर्यंत मजल मारलेले अशा मुलांची छायाचित्रे झळकतात. या मुलांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. कंदिलाचे दिवस गेले असले तरी भारनियमन गेलेले नाही. शेतातले काम आटोपून रात्री पुस्तक उघडणारा मुलगा आजही आमच्या जिल्ह्यात आहे, आणि त्याने मिळविलेल्या प्रत्येक गुणाची किंमत आम्ही जाणतो. त्याच्या यशात त्याच्या गुरुजनांचा जो वाटा आहे, तोही आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो.

तथापि सत्राच्या आरंभी केवळ अभिनंदन करून स्वस्थ बसणे हे वर्तमानपत्राचे काम नव्हे. या फलकांवर एक आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो: निकाल ९५ टक्के, ९८ टक्के, कोठे कोठे तर पुरते १०० टक्के. त्या आकड्यास आम्हांस एकच साधा प्रश्न विचारावयाचा आहे. हा टक्का कशाचा?

आमचे बहुतेक वाचक व्यापारी आहेत, यास्तव त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. समजा, एखाद्या मुलांच्या शाळेत पाचवीच्या वर्गात ६० नावे दाखल झाली. पाच वर्षांनी त्याच तुकडीतील ४२ मुले दहावीच्या परीक्षेस बसली व ४० उत्तीर्ण झाली. फलकावर ९५ टक्के लिहिले जाईल, आणि ते खोटे म्हणता येणार नाही. परंतु मूळच्या ६० नावांशी ताडून पाहिल्यास तोच निकाल ६७ टक्क्यांच्या आत येतो. मधल्या १८ मुलांपैकी काही बापाच्या बदलीमुळे दुसऱ्या गावच्या शाळेत गेली असतील; ती खुशाल वजा करावी. पण उरलेल्यांचे काय झाले? मोंढ्यात कापसाच्या गाड्या उतरल्यावर भिजलेला माल परस्पर बाजूस फेकून, उरलेल्या उत्तम मालाच्याच वजनावर हंगामाचा नफा मांडणाऱ्या मुनिमास आमचे व्यापारी बंधू किती दिवस पेढीवर ठेवतील? जो हिशेब पेढीवर चालत नाही, तो शाळेत चालतो, आणि त्यास आपण टाळ्याही वाजवितो.

ही गळालेली मुले कोठे जातात, हे गूढ नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चिली गेलेली असते; ती फेडण्यास नवराबायकोचा एक कोयता पुरेनासा झाला की पंधरा वर्षांचा मुलगा हाताशी येतो. पाच-सहा महिने कारखान्याच्या शिवारातील कोपीत काढून तो परततो, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली किंवा उलटून गेलेली असते. दुसरी वाट पेरणीची. नव्या सत्राचे पहिले दोन आठवडे आणि कापूस-सोयाबीनच्या पेरणीचे दिवस एकच, व ज्याच्या घरी गडी ठेवण्याची ऐपत नाही त्याच्या घरचा गडी म्हणजे त्याचा मुलगा. तिसरी वाट बाजाराची. तिजविषयी आम्ही पुढे बोलणारच आहोत. चौथी वाट मात्र शाळेच्या आतूनच निघते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलास नववीतच दाखला हातात देणे, अथवा त्याने १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसावे असे त्याच्या पालकास सुचविणे, हा प्रकार काही ठिकाणी चालतो अशी तक्रार पालकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. बाहेरून परीक्षेस बसण्याची ही सोय ज्यांची शाळा परिस्थितीमुळे सुटली त्यांच्यासाठी केलेली आहे. शाळेचा टक्का सांभाळण्यासाठी ती वापरणे म्हणजे पाणपोईचे पाणी विकण्यासारखे आहे.

मुलींची शाळा सुटते तेव्हा निदान थोडी हळहळ तरी होते. बालविवाहाची भीती असते, योजना असतात, भाषणे होतात. मुलाची शाळा सुटते तेव्हा 'पोरगा कमावता झाला' असे म्हणून घर समाधान मानते आणि गाव गप्प बसते. कायद्याचे हातही येथे आखडतात. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना आठवीपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण दिले. म्हणजे नववीच्या उंबरठ्यावर, जेथे बहुतेक पाय घसरतात, तेथेच कायद्याचा कठडा संपतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक शाळेपर्यंत १०० टक्के मुले आणण्याचा संकल्प सोडला आहे. परंतु संकल्पाचे उदक हातावर घेतल्याने नदी भरत नाही.

ज्या जिल्ह्यात ही गळती आपण निमूटपणे पाहतो, त्या जिल्ह्यास शाळेचे मोल नवे नाही. निजामी अमदानीत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली हैदराबादेत निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. मराठी घरातील मुलास आपल्या आईच्या भाषेत भूगोल शिकावयाचा तर त्यासाठी लोकांनाच शाळा काढावी लागे, आणि खासगी शाळा काढणे म्हणजे राज्यकर्त्यांचा संशय ओढवून घेणे होते. अशा दिवसांत, १९३९ साली, सेलूस नूतन विद्यालय उभे राहिले. त्या काळी आमच्या वाडवडिलांनी वर्गणी दिली ती कोणाचा मुलगा पहिला येईल हे पाहून दिली नाही. गावाची मुले शिकावीत म्हणून दिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले. ज्या अडचणी त्या पिढीपुढे होत्या त्यांतील एकही आज आपल्यापुढे नाही. तरीही त्यांची दृष्टी सर्व मुलांवर होती आणि आपली पहिल्या तिघांवर आहे, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

या संदर्भात आमच्याच मातीतील एका नावाचे स्मरण करून देतो. सातोन्यास १९१३ साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुळकर्णी, म्हणजेच कवी व कादंबरीकार बी. रघुनाथ, १९३२ साली मॅट्रिक झाले आणि त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. पुढे उभे आयुष्य त्यांनी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि त्या कारकुनीतून वेळ काढून 'आलाप आणि विलाप' हा काव्यसंग्रह व अनेक कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली ते वारले. आज परभणीतील सभागृहास त्यांचे नाव आहे. हा मनुष्य पुढे काय होणार हे त्याच्या शाळेच्या कोणत्या फलकावरून कळले असते? मॅट्रिकपर्यंत तरी त्यास शाळा मिळाली, एवढेच समाजाचे त्यांच्यावरील ऋण. आणि त्या एवढ्याशा ऋणाची फेड त्यांनी कितीपट केली! नववीत दाखला घेऊन निघालेल्या मुलांत आपण काय गमावतो, याचा हिशेब म्हणूनच कोणास मांडता येत नाही.

हा वाद आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी हाच मुद्दा मांडला होता: वरच्या थोड्यांना शिकवावे, त्यांच्याकडून विद्या खालच्यांपर्यंत आपोआप झिरपेल, ही सरकारची समजूत व्यर्थ आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्यांनी मोजले ते वर्गात कोण बसले नाही हे. पहिले कोण आले हे नव्हे. आमच्या फलकांनी मात्र झिरपण्याचा तोच जुना सिद्धान्त नव्या रंगात रंगविला आहे.

यावर मुख्याध्यापकांचे म्हणणे काय पडेल, हे आम्ही जाणतो. दारिद्र्य शाळेने निर्माण केलेले नाही. मुलगा ऊसतोडीस गेला तर मास्तरांनी त्याच्या मागे फडात जावे काय? शिवाय शिक्षकांच्या रिकाम्या जागा, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे आहेतच. हे सारे खरे आहे, आणि शिक्षकांवर दोष लादून मोकळे होण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्याचा दोष नाही त्याने हिशेब लपवावा असे त्यातून निघत नाही. उलट दुष्काळ पडला तर प्रामाणिक पेढीवाला तोटा वहीत उघड मांडतो. तोटा दिसला तरच उपाय सुचतो. शाळेने शंभर टक्क्यांचा फलक लावला की गावास वाटते सर्व क्षेम आहे, आणि मदतीस येणारे हात खिशातच राहतात.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व व्यवहारातल्या आहेत. पहिली अशी की, यंदाच्या सत्रापासून प्रत्येक शाळेने निकालाच्या फलकाशेजारी दुसरा एक आकडा लिहावा: पाचवीत किंवा आठवीत किती मुले आली, किती दुसऱ्या शाळेत गेली, किती दहावीपर्यंत पोचली. २०१५ पासून राज्यात 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांच्या नोंदी होत आल्या आहेत. तेव्हा हा हिशेब काढण्यास एका दुपारहून अधिक वेळ लागू नये. नावे छापू नयेत. गरिबाची अब्रू फलकावर टांगण्याचे कारण नाही. आकडा पुरे.

दुसरी, आठवीच्या मुलांस आर्थिक दुर्बल घटकांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेस अधिकाधिक संख्येने बसवावे. ज्याच्या पालकांचे उत्पन्न वर्षास साडेतीन लाखांच्या आत आहे अशा सरकारी वा अनुदानित शाळेतील मुलास त्या परीक्षेतून निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. जेथे कायद्याचा कठडा संपतो नेमका तेथे हा हात पुढे येतो. मुलगा निवडला जाणे हा शाळेचा गौरव खराच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तो मुलगा शाळेत टिकतो. असे यश फलकावर सर्वांत वर लिहावे.

तिसरी, ऊसतोडीस जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीनंतर नव्हे, गणपतीच्या दिवसांतच व्हावी. हंगामी वसतिगृहाच्या योजनेखाली मुलास गावीच आजीआजोबांपाशी ठेवून त्याच्या जेवणाची सोय करता येते. राज्य सरकारने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरविली, त्यांत आमचाही जिल्हा आहे. मागणी वेळेवर गेली नाही तर योजना कागदावर राहते आणि मुलगा गाडीत बसतो.

शेवटची सूचना आम्ही शाळांस करीत नाही; आमच्या वाचकांस करतो, आणि ती कडू लागेल हे जाणून करतो. शाळा सुटलेला मुलगा सकाळी दहा वाजता कोठे दिसतो? किराणा दुकानाच्या फळीवर, कापडाच्या गठ्ठ्याखाली, चहाच्या हॉटेलात कपबशा विसळताना, गॅरेजात मोटारसायकलीखाली. २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवणे हा गुन्हा आहे, हे दुकानदार जाणतात. म्हणून मुलाचे वय विचारले जात नाही. जो गृहस्थ शाळेच्या स्नेहसंमेलनात गुणवंतांस बक्षीस देण्यासाठी व्यासपीठावर बसतो, त्याच्याच दुकानात त्याच शाळेतून गळालेला मुलगा त्या वेळी झाडलोट करीत असेल, तर ते बक्षीस कोणाच्या खात्यातून दिले गेले, याचा विचार त्याने स्वतःच करावा. चौदा वर्षांखालील मुलास दुकानात ठेवू नये. त्याहून मोठ्यास ठेवणे भाग पडले तर त्याच्या शाळेची वेळ त्यास मोकळी द्यावी, फी व पुस्तके द्यावी, आणि तो दहावी होईपर्यंत ते आपले कर्तव्य समजावे. अशा एका मुलास दहावीपर्यंत पोचविणारा व्यापारी दहा ढाली वाटणाऱ्यापेक्षा मोठा दाता आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सत्र नुकतेच सुरू झाले आहे. हजेरीपटावरील शाई अजून ओली आहे, आणि त्यावर आज सर्वच नावे आहेत. दिवाळीनंतर शाळा पुन्हा उघडेल तेव्हा त्यांतील किती नावांपुढे 'हजर' असा शब्द ऐकू येतो, तो आकडा प्रत्येक मुख्याध्यापकाने गावास सांगावा व गावाने विचारावा. यंदाच्या निकालाची परीक्षा त्याच दिवशी होऊन जाईल. उन्हाळ्यातील गुणपत्रिका तिची केवळ नक्कल असेल.